छोट्यांच्या बेसबॉलचे स्थानिक नियम: चेंडूंची मोजणी एकाच मैदानापुरती का?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाला परदेशस्थ वाचक थोडेथोडके नाहीत आणि अमेरिकेत राहणाऱ्या त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची मुले एप्रिल ते जून या काळात शनिवारची सकाळ बेसबॉलच्या मैदानावर घालवतात. मी न्यू जर्सीच्या मध्य भागात राहतो आणि येथील एका गावच्या लीगमध्ये नऊ ते बारा वर्षांच्या मुलांच्या सामन्यांचे गुणलेखन हौसेने करतो. हंगाम सुरू झाला की मैदानाच्या कडेला घडीच्या खुर्च्या टाकून बसलेल्या मराठी पालकांकडून दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. शेजारच्या गावात एक नियम आणि आपल्या गावात दुसरा, असे कसे चालते, ही पहिली. हे नियम चांगल्या खेळणाऱ्या मुलाला मागे खेचतात, ही दुसरी. या दोहोंनाही समाधानकारक उत्तर आहे. मात्र ज्या तिसऱ्या गोष्टीबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, ती मला अधिक गंभीर वाटते आणि तिच्याचसाठी हा पत्रप्रपंच आहे.

प्रथम स्थानिक नियम म्हणजे काय, ते सांगतो. लिटल लीग या मुलांच्या बेसबॉल संस्थेची सुरुवात १९३९ साली पेनसिल्व्हेनिया राज्यातील विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी अवघ्या तीन संघांनिशी केली. त्या वर्षी ६ जूनला झालेल्या पहिल्याच सामन्यात लंडी लंबर या संघाने लायकमिंग डेअरी संघाचा २३-८ असा फडशा पाडला. म्हणजे एकतर्फी सामन्यांचे दुखणे या खेळाला जन्मापासूनच जडलेले आहे. आज संस्थेची एक मुख्य नियमपुस्तिका आहे आणि मुलांच्या मैदानाची मापे, वयोगट, सुरक्षेची साधने हे सर्व तिच्यात बांधून दिलेले आहे. मोठ्यांच्या बेसबॉलमध्ये दोन बेसमधले (धाव पूर्ण करण्यासाठी ओळीने गाठायच्या थांब्यांमधले) अंतर ९० फूट असते आणि चेंडू टाकणारा पिचर होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, ६० फूट ६ इंचांवर उभा असतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हीच अंतरे ६० फूट आणि ४६ फूट आहेत. सामना नऊऐवजी सहा इनिंगचा (दोन्ही संघांची फलंदाजीची एकेक पाळी म्हणजे एक इनिंग) असतो आणि टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत पोहोचेपर्यंत धावणाऱ्या मुलाला बेस सोडता येत नाही. यांतले काहीही गावच्या मंडळाला स्वतःच्या मर्जीने बदलता येत नाही. बदल हवाच असेल तर लिटल लीगच्याच जिल्हा प्रशासकामार्फत वरपर्यंत अर्ज करून सवलत मागावी लागते.

तथापि पुस्तिकेनेच काही कलमे गावावर सोपवलेली आहेत, आणि ज्या बाबींवर ती काही बोलत नाही त्यांची व्यवस्था गावाने लावायची असते. संघातील सर्व मुलांना ओळीने फलंदाजी द्यायची की नाही, ठरावीक वेळेनंतर नवी इनिंग सुरू करायची की नाही, मोठी आघाडी झाल्यावर सामना थांबवायचा की नाही, अंधार पडला तर निकाल कसा लावायचा, मैदानाच्या कुंपणाखालून चेंडू निसटला तर किती बेस द्यायचे, हे गावच्या लीगचे संचालक मंडळ ठरवते. ही मंडळी बिनपगारी असतात. बहुतेक जण त्याच मैदानावर खेळणाऱ्या मुलांचे आईवडील असतात. गावागणिक मैदाने वेगळी, मुलांची संख्या वेगळी, दिव्यांची सोय कुठे आहे तर कुठे नाही; अशा वेळी नियमही थोडेफार वेगळे होणार, यात खटकण्यासारखे काही नाही. खटकावे ते हंगामाच्या मध्यावर, एखाद्या हरलेल्या सामन्यानंतर, तोंडी बदलल्या जाणाऱ्या नियमांनी. नियम कोणताही असो, तो पहिल्या सामन्याआधी कागदावर आलेला आणि प्रत्येक पालकाच्या हाती पडलेला असलाच पाहिजे.

आता मुलाला मागे खेचणाऱ्या नियमांविषयी. ज्यांच्यावर सर्वाधिक रोष आहे ते दोन नियम म्हणजे धाकट्या विभागातील पाच धावांची मर्यादा आणि सर्वांना खेळवण्याची सक्ती. पाच धावा झाल्या की तीन गडी बाद झालेले नसले तरी फलंदाजी करणाऱ्या संघाची पाळी संपते. काही लीग शेवटच्या इनिंगला ही मर्यादा उठवतात, म्हणजे मागे पडलेल्या संघाची आशा टिकून राहते. आठ-नऊ वर्षांच्या पिचरला सलग तीन चेंडू प्लेटवरून टाकता येणे हीच मुळात मोठी गोष्ट असते. मर्यादा नसेल तर एकामागून एक फलंदाज चार चुकीच्या चेंडूंच्या जोरावर चालत पहिल्या बेसवर जातात, कोणी बॅट फिरवत नाही, क्षेत्ररक्षण करणारी मुले गवत उपटत बसतात आणि अर्धा तास उलटला तरी तीन गडी बाद होत नाहीत. म्हणूनच सर्वांत धाकट्या गटांत काही गावे आणखी पुढे जातात: चार चुकीचे चेंडू पडले की मुलाला बेस बहाल न करता त्याच्याच संघाचा कोच येऊन उरलेले चेंडू टाकतो. नियमपुस्तिका हाती घेऊन पाहणाऱ्याला हे बेसबॉलच वाटणार नाही, पण मुलाला बॅटने चेंडू मारायला मिळतो, आणि त्या वयात त्याला तेवढेच हवे असते.

एकतर्फी सामन्याचे काय होते, हे महाराष्ट्रातील वाचकांना मी सांगण्याची गरज नाही. जानेवारी २०१६ मध्ये कल्याणला शालेय क्रिकेट सामन्यात प्रणव धनावडे याने नाबाद १००९ धावा केल्या, त्याच्या संघाने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला आणि समोरच्या शाळेचे दोन डाव ३१ आणि ५२ धावांत आटोपले. त्या मुलाच्या पराक्रमाचे कौतुक झाले ते रास्तच होते. मात्र समोर दिवसभर चेंडू आणत राहिलेल्या अकरा मुलांचा विचार करणारे एखादे कलम त्या स्पर्धेत असते, तर त्याने कोणाचे नुकसान झाले असते? लिटल लीगच्या पुस्तिकेत तीन इनिंगनंतर पंधरा किंवा चार इनिंगनंतर दहा धावांची आघाडी झाल्यास सामना थांबवण्याची तरतूद आहे. असा सामना थांबतो, मुले एका रांगेत एकमेकांच्या हातावर हात मारतात आणि घरी जातात.

सर्वांना खेळवण्याच्या नियमाबाबत तर माझे मत अधिक ठाम आहे. प्रत्येक मुलाला सामन्यात किमान सहा गडी बाद होईपर्यंत क्षेत्ररक्षण आणि किमान एकदा फलंदाजी मिळालीच पाहिजे, असे मुख्य पुस्तिका सांगते. व्यवस्थापकाने हे पाळले नाही तर पहिल्या वेळी लेखी समज, दुसऱ्या वेळी पुढच्या सामन्यापुरते निलंबन आणि तिसऱ्या वेळी उरलेल्या हंगामासाठी निलंबन, इतकी कडक शिक्षा तीत लिहिलेली आहे. व्यवहारात ती क्वचितच होते, कारण तक्रार करायला कोणी पुढे येत नाही. आपली माणसे तर मुळीच येत नाहीत. "जाऊ द्या, उगाच कशाला वाईटपणा घ्या" असे म्हणत खुर्ची घडी करून निघून जातात आणि गाडीत बसल्यावर मग घरच्या भाषेत कोचचा उद्धार करतात.

ज्या नियमासाठी मी विशेष करून लिहीत आहे तो चेंडूंच्या मोजणीचा. २००७ पूर्वी पिचरवर इनिंगची मर्यादा होती. पण एक इनिंग आठ चेंडूंत संपू शकते आणि चाळीस चेंडूंतही, त्यामुळे त्या मर्यादेला फारसा अर्थ उरत नव्हता. त्या वर्षापासून लिटल लीगने प्रत्यक्ष टाकलेले चेंडू मोजण्यास सुरुवात केली. सात-आठ वर्षांच्या मुलाला एका दिवसात ५०, नऊ-दहा वर्षांच्याला ७५, अकरा-बारा वर्षांच्याला ८५ चेंडूंची मुभा आहे. मर्यादा गाठली त्या वेळी समोर जो फलंदाज असेल तेवढा पूर्ण करता येतो. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना विश्रांतीही ठरवून दिलेली आहे. २१ ते ३५ चेंडू टाकले तर एक दिवस, ३६ ते ५० टाकले तर दोन, ५१ ते ६५ टाकले तर तीन आणि त्याहून अधिक टाकले तर चार दिवस त्या मुलाने पिचिंग करायचे नाही. ज्याने ४१ किंवा अधिक चेंडू टाकले त्याला त्या दिवशी कॅचर म्हणूनही उभे राहता येत नाही, कारण यष्टिरक्षकासारखा मागे बसणारा कॅचर जवळपास प्रत्येक चेंडू परत फेकत असतो आणि दमलेल्या खांद्याला त्यातून उसंत मिळत नाही.

मागील हंगामातील एका सकाळचा प्रसंग सांगतो. अकरा वर्षांच्या एका मुलाने चौथ्या इनिंगपर्यंत चांगली पिचिंग केली. प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर दोन्ही संघांचे गुणलेखक आकडे पडताळून पाहतात, तसे आम्ही पाहिले; दोघांच्याही वहीत ४३ होते. कोचने त्याला पिचिंगवरून उतरवले आणि लगेच कॅचरचा सरंजाम पुढे केला. पायाच्या पॅडच्या पट्ट्या आवळून झाल्या, छातीचे कवच चढले, मुखवटा डोक्यावर बसला, तेव्हा मी जाळीपाशी जाऊन अंपायरला हाक मारली आणि वही दाखवली. कोचने हुज्जत घातली नाही. त्याला ते कलम ठाऊकच नव्हते. मुलगा पट्ट्या सोडून उजव्या बाजूच्या आउटफिल्डमध्ये, म्हणजे बेसच्या पलीकडच्या मैदानात, जाऊन उभा राहिला. इथपर्यंत सारे नियमानुसार घडले. सामना संपल्यावर त्या मुलाचे वडील (आपल्यापैकीच, पुण्याकडचे) मला हसतमुखाने म्हणाले, "बरं झालं साहेब, हात जरा ताजा राहिला. दुपारी त्याच्या दुसऱ्या टीमची मॅच आहे, तिकडे तोच सुरुवात करणार आहे."

माझे सारे म्हणणे या एका वाक्यात आले आहे. गावच्या लीगमधील ४३ चेंडूंनंतर त्या मुलाला दोन दिवसांची विश्रांती बंधनकारक होती, पण ती केवळ त्या लीगच्या मैदानापुरती. गावोगावी जाऊन स्पर्धा खेळणारे जे भरभक्कम शुल्क घेणारे फिरते संघ असतात, त्यांचा हिशोब वेगळा ठेवला जातो. त्यांच्या कित्येक स्पर्धांत आजही मर्यादा इनिंगवर असते, चेंडूंवर नाही. सकाळच्या वहीत काय लिहिले आहे हे दुपारच्या कोचला कोणी सांगत नाही, दुपारी काय घडले हे आम्हाला सोमवारी कळत नाही, आणि दोन्ही ठिकाणी नियम तंतोतंत पाळल्याचे समाधान मात्र सर्वांना मिळते. खांदा आणि कोपर एकच आहे, याची नोंद कोणत्याच वहीत नाही.

हा काही मनाचा खेळ नव्हे. अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम येथील अमेरिकन स्पोर्ट्स मेडिसिन इन्स्टिट्यूट या संस्थेच्या संशोधकांनी ९ ते १४ वर्षांच्या ४८१ पिचर मुलांची दहा वर्षे माहिती ठेवली आणि २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांनी एका वर्षात शंभराहून अधिक इनिंग पिचिंग केली, त्यांना गंभीर दुखापत होण्याची शक्यता इतरांच्या साडेतीनपट आढळली. या वयात कोपराच्या हाडांची वाढीची कूर्चा अजून कच्ची असते आणि आधी ताण पडतो तो तिच्यावर. पुढे किशोरवयात कोपराच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध जातो. तो नव्याने बसवण्याची शस्त्रक्रिया डॉ. फ्रँक जोब यांनी १९७४ मध्ये टॉमी जॉन या व्यावसायिक पिचरवर पहिल्यांदा केली आणि तिला त्याचेच नाव पडले. मोठ्या माणसाची कारकीर्द वाचवण्यासाठी निघालेला हा उपाय पुढे शाळकरी मुलांच्या कोपरांवर करावा लागू लागला. व्यावसायिक संघांची मेजर लीग बेसबॉल आणि हौशी खेळाची राष्ट्रीय संघटना यूएसए बेसबॉल यांनी २०१४ पासून 'पिच स्मार्ट' नावाने जी मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत, त्यांत ९ ते १२ वर्षांच्या मुलांना बारा महिन्यांत सर्व संघ मिळून ८० पेक्षा अधिक इनिंग पिचिंग करू देऊ नये आणि वर्षातून किमान चार महिने फेकणे बंद ठेवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यातले 'सर्व संघ मिळून' हे तीन शब्द आपल्या पालकांनी कृपया पुन्हा वाचावेत.

मराठी पालकांवर माझा राग नाही, पण एक निरीक्षण नोंदवल्यावाचून राहवत नाही. खेळालाही आपण शाळेच्या अभ्यासासारखा क्लास लावतो. गावची लीग, तिच्यावर फिरता संघ, त्याच्यावर खासगी पिचिंग प्रशिक्षक आणि हिवाळ्यात बंदिस्त जागेत सराव. गणिताचा जादा क्लास लावला म्हणून मुलाचा मेंदू फाटत नाही. कोपराचे तसे नाही. यातले अर्थकारणही दृष्टीआड करता येणार नाही. ज्याने भारी शुल्क घेतले त्या संघाच्या कोचला तुमच्या मुलाला विश्रांती देण्यात कोणता रस असणार?

यावर गावच्या लीगने काय करावे? पुस्तिकेतील चेंडूंची मर्यादा वाढवण्याचा अधिकार स्थानिक मंडळाला नाही आणि तो असूही नये. परंतु कोणत्या मुलाला पिचिंग द्यायची, हा निर्णय सर्वस्वी व्यवस्थापकाचा असतो, आणि तो घेण्यापूर्वी त्याने काय विचारावे हे मंडळ आपल्या स्थानिक नियमांत निश्चितच लिहू शकते. माझी सूचना साधी आहे. सामन्याआधी व्यवस्थापक जेव्हा उपलब्ध पिचरांची यादी करतो, तेव्हा गेल्या चार दिवसांत त्या मुलाने अन्यत्र कोठेही टाकलेल्या चेंडूंचा आकडा पालकाने लिहून द्यावा आणि तो आमच्या वहीत वेगळ्या रकान्यात नोंदला जावा. आकडा दिला नाही तर त्या दिवशी पिचिंग नाही. मुलाने खुशाल तिसऱ्या बेसवर खेळावे. खोटा आकडा देणारे निघतील हे मी जाणून आहे. तरी विचारले जात आहे, एवढ्यानेच बरेचसे पालक आपल्या घरी मोजू लागतील. आज त्यांना कोणी विचारतच नाही.

स्थानिक मंडळाने असे पाऊल उचलणे म्हणजे आगाऊपणा, असे काहींना वाटेल. त्यांच्यासाठी आमच्याच राज्यातील दाखला देतो. १९७२ मध्ये होबोकन येथील लीगने मारिया पेपे या बारा वर्षांच्या मुलीला संघात घेतले. ती तीन सामने खेळली. मुलींना मज्जाव करणाऱ्या तेव्हाच्या नियमावर बोट ठेवून मुख्य संस्थेने होबोकनची मान्यता काढून घेण्याची धमकी दिली आणि तिला बाहेर बसावे लागले. प्रकरण राज्याच्या नागरी हक्क विभागापुढे गेले. १९७३ मध्ये त्या विभागाच्या सुनावणी अधिकारी सिल्व्हिया प्रेसलर यांनी मुलींच्या बाजूने निर्णय दिला, पुढे न्यायालयात तो टिकला आणि १९७४ मध्ये लिटल लीगला आपली दारे मुलींसाठी उघडावी लागली. आज माझ्या वहीत मुलींची नावे असतात, आणि त्यांतली एखादी पिचिंगलाही उभी असते. विल्यम्सपोर्टच्या मुख्य संस्थेच्या आधी ही गोष्ट एका गावच्या कोचला कळली होती.

स्थानिक नियम बदलायचे तर ते वार्षिक सभेत आणि हंगामापूर्वीच्या मंडळाच्या बैठकांत बदलतात, मैदानाच्या कडेला नाही. बऱ्याच लीगमध्ये स्वयंसेवक पालकांना सभासदत्व आणि मताधिकार मिळतो. संस्थेचे आर्थिक वर्ष ३० सप्टेंबरला संपत असल्याने अनेक ठिकाणी सभा शरद ऋतूत असते, आणि नेमकी तेव्हा आपली मंडळी गणेशोत्सवाच्या हिशोबात नाही तर दिवाळीच्या नाटकाच्या तालमीत गुंतलेली असतात. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यकारिणीत एका पदासाठी तीन-तीन उमेदवार उभे करणारे आपण, मुलाच्या कोपराशी संबंध असलेल्या बैठकीला मात्र रिकाम्या खुर्च्या पाठवतो. एका संध्याकाळचे दोन तास काढून तिथे जावे, आधी कळवून विषय कार्यक्रमपत्रिकेत घालून घ्यावा आणि वर सुचवलेल्या रकान्याचा प्रस्ताव लेखी मांडावा. अनुमोदन द्यायला शेजारचा कोणी आयरिश किंवा इटालियन वंशाचा पालक आनंदाने उभा राहील; त्यांच्या मुलांचे कोपरही याच वयाचे असतात.

जे पालक यंदा प्रथमच मुलाचे नाव नोंदवणार आहेत त्यांच्यासाठी एक शेवटची व्यावहारिक बाब. या लीगमध्ये मुलाचे वय ३१ ऑगस्ट या तारखेवर ठरते, शाळेच्या इयत्तेवर नाही. जन्माचा दाखला मूळ स्वरूपात जवळ ठेवावा, भारतात जन्मलेल्या मुलांसाठी त्याची इंग्रजी प्रतही करून घ्यावी. वय चुकले की गट चुकतो, आणि गट चुकला की चेंडूंची मर्यादाही चुकते. दहाव्या वर्षी ७५ आणि अकराव्या वर्षी ८५, हा दहा चेंडूंचा फरक त्या तारखेवर अवलंबून असतो.

येथील नावनोंदणी बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातच होते. त्याआधी हे पत्र आपल्या परदेशस्थ वाचकांच्या नजरेस पडेल अशा बेताने प्रसिद्ध करावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक हौशी गुणलेखक
मध्य न्यू जर्सी, अमेरिका